लॅपटॉप असताना हे कशाला?

कार्यक्रम संपवून मी वायरी गुंडाळत असताना कोणीतरी हमखास जवळ येते आणि विचारते, ‘हे सगळे आवाज आता लॅपटॉपमध्ये मिळतात ना? मग चाळीस वर्षांपूर्वीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांची ही धुडे कशाला वाहून आणता?’ प्रश्न रास्त आहे, पण टेम्पोवाला खाली थांबलेला असताना त्याचे धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलेत म्हणून आता सवडीने लिहितो.

आवाजाच्या उबदारपणासाठी नव्हे, हे आधीच कबूल करतो. जुने वाद्य आणि त्याची चांगली सॉफ्टवेअर नक्कल यांतला फरक मला डोळे मिटून दर वेळी ओळखता येईल, अशी पैज मी लावणार नाही. गच्च भरलेल्या सभागृहात तर मुळीच नाही.

माझ्याकडे मुख्यतः तीन वाद्ये आहेत: १९७८ साली बाजारात आलेला कॉर्ग कंपनीचा एमएस-२० हा सिंथसायझर, म्हणजे विजेच्या लहरींतून आवाज घडवणारे वाद्य, आणि रोलँड कंपनीची दोन, १९८२चा एसएच-१०१ हा दुसरा सिंथसायझर व १९८१चे टीआर-६०६ हे तालयंत्र. दोन्ही सिंथसायझरांत एकदा घडवलेला आवाज साठवून बटणाने परत बोलावण्याची सोयच नाही. एमएस-२०चा आवाज म्हणजे त्या क्षणी कोणता नॉब कुठे वळला आहे आणि उजवीकडच्या फळीवर कोणती वायर कुठून कुठे गेली आहे, एवढेच. मी पॅनेलच्या कोऱ्या चित्राच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. घरी आवाज मनासारखा लागला की प्रत्येक नॉबची जागा त्यावर पेन्सिलीने मांडतो, तरीही मंचावर तो आवाज जवळपासच येतो आणि उरलेले अंतर कानाने भरून काढावे लागते. दोन रचनांच्या मध्ये या जुळवाजुळवीला मला पाऊण मिनिट तरी लागते. तोवर ताल एकटाच चालू राहतो आणि पुढचा आवाज कसा घडतो आहे हे श्रोत्यांना ऐकू येत असते. लॅपटॉपवर वाजवत असे तेव्हा पुढचा आवाज एका टिचकीवर तयार असायचा, आणि मी ऐकण्यापेक्षा पडद्याकडेच जास्त पाहत असे.

‘पण धून तर यंत्रच वाजवते!’ हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. एसएच-१०१मध्ये शंभर पायऱ्यांपर्यंतची स्वरमालिका भरता येते, हे खरे. मात्र निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये जोडणारी मिडी पद्धत १९८३ साली आली आणि या यंत्रांना ती ठाऊक नाही. म्हणून ६०६मधल्या लो टॉम या ढोलाचा विद्युत ठोका मी वायरीने १०१ला देतो. टॉमचा आवाज शून्यावर आणला तरी वायरीतला ठोका चालूच राहतो आणि प्रत्येक ठोक्याला मालिका एक स्वर पुढे सरकते. ६०६च्या एका आवर्तनातल्या सोळा घरांत पाच ठोके ठेवले आणि मालिका सात स्वरांची असली, तर पहिला स्वर पुन्हा समेवर यायला सात आवर्तने जातात. मधेच एक ठोका काढला की तीच स्वरावली निराळ्याच वजनाने चालू लागते. कोणता ठोका कधी काढायचा, हे मात्र ६०६ला विचारून उपयोग नाही. (मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८वर दहा राग ध्वनिमुद्रित केले होते. हे खूळ परदेशातून आत्ताच आले असे म्हणणाऱ्यांना मी ते ऐकवतो.)

एमएस-२०ला या मालिकेत घेता येत नाही. या वाद्यांत स्वर व्होल्टेजने ठरतो: रोलँडच्या वाद्यात एक सप्तक वर जायला एक व्होल्ट वाढतो, तर एमएस-२०मध्ये व्होल्टेज दुप्पट व्हावे लागते. एकाचे स्वर दुसऱ्याला दिले तर ‘सा’ कुठे आणि ‘प’ कुठे! शिवाय माझा नग जपानचा, १०० व्होल्टवर चालणारा. एकदा मंचावरच्या मदतनिसाने मधला ट्रान्सफॉर्मर अडगळ समजून काढला आणि पिन थेट भिंतीत खोचली. फ्यूजवर निभावले.

हे वाद्य मी हातानेच वाजवतो, बहुतेक वेळ षड्ज धरून. त्याचे दोन ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वर निर्माण करणारे भाग, तापमानाबरोबर सरकतात. गोव्यात डिसेंबरमध्ये एका उघड्यावरच्या कार्यक्रमात, दुपारी उन्हात नीट जुळवलेली जोडी रात्री गार वारा सुटताच फाकली. एक स्वर २२० हर्ट्‌झवर आणि दुसरा २२१वर असला तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. तिथे तर हेलकाव्यांची नुसती थरथर झाली होती. ताल थांबवला नाही. तंबोऱ्याची जोडी मिळवतात तसा नॉब केसभर, पुन्हा केसभर फिरवत ती थरथर सावकाश केली आणि पूर्ण मिटण्याआधी हात काढला. नंतर एका श्रोत्याने, तो भाग कोणत्या रेकॉर्डवर आहे, असे विचारले.

लॅपटॉप माझ्या पिशवीत असतोच. त्या रात्री तो ध्वनिमुद्रणाला लावायचा राहून गेला.