हाताला झेपायलंय का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. स्विच २, म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून किंवा टीव्हीला लावून खेळायचं गेमचं यंत्र, घरी आल्यापासून भेटेल तो विचारतो. पडदा कसा आहे, खेळ कोणते आहेत, कितीला पडला, हे सगळं नंतर. आधी नजर माझ्या उजव्या हाताकडे जाते आणि मग आवाज जरा खाली आणून प्रश्न येतो, "हाताला झेपायलंय का रे?" विचारणाऱ्याच्या पोटात माया असते, हे मला कळतं. पण मायेनं विचारलेलंसुद्धा फार वेळा ऐकलं की टोचायला लागतं.

हात कसा गेला ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कडबाकुट्टीची ती गोष्ट परत नको. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून नाही. अंगठा, अनामिका आणि करंगळी शाबूत आहेत. पुढचं समजायला एवढं पुरे.

आधी जुनं एक सांगतो. उदगीरला आमच्या गल्लीत टीव्हीला लावायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम आला, ती वर्षं हात गेल्यानंतरचीच. त्याच्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली दिशांची फुली आणि उजव्या अंगठ्याखाली ए आणि बी. संपलं. गल्लीतली पोरं माझ्याकडून हरायची, चिडायची, कॅसेट उपसून पळायची. झेपतं का, असं त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. रिमोटच्या वरच्या कडेला, तर्जनीखाली येणारी खांद्यावरची बटणं १९९० साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्राबरोबर आली, आमच्याकडे पोचायला पुढं कितीतरी वर्षं लागली. पण आली ती कायमची आली. गोळी झाडणं, गाडीचा वेग, वळणावर गाडी घसरवणं, अशी मोक्याची कामं हळूहळू तर्जनीकडे गेली. माझा हात तेव्हाही हाच होता. म्हणून "तुझ्या हातामुळं जमत नसंल" असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही.

आता नवा कंट्रोलर. स्विचच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सुटा होणारा कंट्रोलर असतो, त्याला जॉयकॉन म्हणतात. मार्च २०१७ मध्ये आलेल्या पहिल्या स्विचचा जॉयकॉन काढायचा तर मागचं बारीक गोल बटण दाबून धरायचं आणि जॉयकॉन रुळावरून वर सरकवायचा. ते बटण बरोबर तिथं, जिथं तुमची तर्जनी आपोआप टेकते. मी स्विच मांडीवर पालथा टाकून डाव्या अंगठ्यानं बटण दाबायचो आणि उजव्या अंगठा-करंगळीच्या चिमटीत धरून जॉयकॉन ओढायचो. ५ जून २०२५ ला आलेल्या स्विच २ मध्ये रूळ गेला आणि चुंबक आलं. मागची कळ दाबली की जॉयकॉन बाजूला होतो, आणि लावताना नुसता जवळ नेला की खटकन ओढला जाऊन बसतो. पहिल्या संध्याकाळी मी तो कितीतरी वेळ काढत आणि लावत राहिलो. बायको म्हणाली, "खेळणार आहात का नुसती काढ-घाल करणार?" तिला काय सांगू! इतक्या वर्षांत एखाद्या वस्तूनं माझ्या हाताला अडवलं नाही असं फार क्वचित झालंय.

मागचं मोठं बटण, झेडआर, आता रुंद आहे आणि बाहेरही जास्त आलेलं आहे. माझी अनामिका त्याच्या कडेला टेकते, बोट थोडं तिरकं करून पेराच्या बाजूनं ते दाबता येतं. वरच्या आर बटणाला मात्र पकड सोडून हात वर सरकवावा लागतो, आणि पकड सुटली की सगळा भार करंगळीवर. जॉयकॉनसकट जुना स्विच ३९८ ग्रॅमचा होता, हा ५३४ ग्रॅमचा आहे. हा फरक तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. माझ्या करंगळीला जाणवतो, ती आखडते, आणि मग रात्री ताटातला भाकरीचा तुकडा मोडताना दुखते. म्हणून मी तो हातात धरून खेळतच नाही. पाठीमागचा स्टँड कुठल्याही कोनात उभा राहतो, अगदी १५० अंशांपर्यंत, आणि चार्जिंगची एक जागा वरच्या कडेलाही दिली आहे. टेबलावर उभा करायचा, वरून वायर लावायची, दोन्ही जॉयकॉन सुटे घ्यायचे आणि हात मांडीवर ठेवून खेळायचं. अंगठ्यानं फिरवायच्या काडीची गोलाकार हालचाल मऊ आहे, आवाज कमी आहे; तो अंगठ्याचा विषय आहे आणि अंगठा माझा ठणठणीत आहे.

जॉयकॉन कडेवर आडवा ठेवला की त्याचा माऊस होतो, हे तुम्ही ऐकलं असेल. उजवा जॉयकॉन तसा धरला तर टिचक्या आर आणि झेडआरनं मारायच्या, म्हणजे जी दोन बोटं मला नाहीत नेमक्या त्यांनीच. माझं मन तिथंच उतरलं होतं. मग सहज डावा ठेवून बघितला. डावाही माऊस होतो! मांडीवर, पँटच्या कापडावरसुद्धा सरकतो. ज्या खेळात डाव्यानं चालतं तिथं मी आता सरळ डावाच घेतो.

एवढं सगळं चांगलं आहे तर चिडतोस कशाला, असं म्हणाल. त्यासाठी नांदेडची दिवाळी सांगावी लागेल.

आत्याकडे आम्ही सगळे जमलो होतो. आतेभावाकडे जुना स्विच होता आणि त्यावर मारिओ कार्ट ८ डिलक्स हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. चौघं एकदम खेळायचो, प्रत्येकाच्या हातात एकेक जॉयकॉन आडवा. आडव्या जॉयकॉनवर गाडी घसरवायची ती रुळाच्या कडेवरच्या एसआर बटणानं. जुन्या जॉयकॉनवर ते बटण इतकं बारीक की त्यावर बोट आहे की नाही हे दाबल्यावरच कळतं. मी ते अनामिकेच्या नखाजवळच्या कडेनं दाबायला शिकलो होतो. वळणावर घसरवत राहिलं की चाकांतून आधी निळ्या ठिणग्या निघतात, अजून धरून ठेवलं की केशरी, आणि शेवटपर्यंत धरलं की जांभळट गुलाबी. जितका उशिराचा रंग, तितका सुटताना मिळणारा झटका मोठा.

मी जिंकत होतो. नेहमी नाही, पण पुष्कळदा. आत्या स्वयंपाकघरातून चकल्यांचं ताट घेऊन यायची आणि म्हणायची, "बघा, माझं लेकरू कसं चालवायलंय!" फक्त एक गोष्ट जमत नव्हती. माझ्या चाकांतून गुलाबी ठिणगी येतच नव्हती. निळी यायची, केशरी यायची, आणि बस. बाकी तिघांच्या यायच्या. मला वाटायचं, अनामिका सुटते आहे. दाब कमी पडतो आहे. रात्री सगळे झोपल्यावर मी सोप्यात बसून आवाज बंद करून एकच वळण घेत राहायचो, बोट पांढरं पडेस्तोवर एसआर दाबून धरायचो. केशरी. परत केशरी. कुट्टीत बोटं गेली तेव्हा रडलो की नाही मला आठवत नाही, लहान होतो. त्या रात्री मात्र हाताचा राग आला, आणि तसा त्याआधी कधी आला नव्हता.

सकाळी आतेभावाची लेक शेजारी येऊन बसली. मी तिला विचारलं, तुझी गुलाबी ठिणगी येते ती कशी काय येते गं? ती म्हणाली, "काका, तुमच्या गाडीला अँटेना आहे ना. ती काढल्याशिवाय नाही येत."

माझ्या गाडीच्या मागं खरंच एक बारीक अँटेना होती. मी ती रोज बघत होतो आणि मला ती गाडीची सजावट वाटायची. आपोआप वळवण्याची सोय चालू असली की खेळ ती अँटेना दाखवतो. मग गाडी रस्त्याबाहेर जात नाही, दरीत पडत नाही, आणि त्या बदल्यात तिसऱ्या रंगाची ठिणगी मिळत नाही. गाडी निवडायच्या पडद्यावरच ही सोय चालू-बंद करता येते. जॉयकॉन माझ्या हातात देण्याआधी आतेभाऊ तो क्षणभर स्वतःच्या हातात घ्यायचा, ते का, हे मला त्या सकाळी कळलं. आणि खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या लेकरालाही.

मी आतेभावाला विचारलं. तो गोंधळला, मग म्हणाला, "अरे, तू सारखा खाली पडला असतास तर खेळणं सोडून दिलं असतंस. तू खेळावंस म्हणून केलं." आत्या म्हणाली, "त्यात काय एवढं, खेळच तर आहे." दोघांच्याही बोलण्यात खोट नव्हती, आणि म्हणूनच मला भांडताही आलं नाही. मी अँटेना काढली आणि त्याच सोप्यात बसून पहिल्या शर्यतीत शेवटचा आलो, चार वेळा दरीत पडलो. एका वळणावर गुलाबी ठिणगी आली. बोट धरत होतं. आधीपासूनच धरत होतं.

त्यानंतर मी ठरवलं की कुठलीच मदत नको. सेटिंग बदलायची नाही, बटण हलवायचं नाही, जगाला मिळतो तसाच कंट्रोलर, तसाच खेळायचा. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये काढलेल्या, मोठाल्या बटणांच्या अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरची, सोनीनं डिसेंबर २०२३ मध्ये आणलेल्या अ‍ॅक्सेस कंट्रोलरची माहिती तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाठवली. त्या वस्तू ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यासाठी फार मोलाच्या आहेत. पण तुम्ही त्या पाठवल्या की मला नांदेडचा सोपा आठवायचा आणि मी उत्तर द्यायचो नाही.

आता त्या वेळच्या मला मी सांगतो की बाबा, बटणांची अदलाबदल ही वेगळी गोष्ट आहे. स्विचमध्ये ती सोय २०२० पासून आहे, नव्यातही आहे. मी एल आणि आरची कामं बदलली. घसरवणं आता डाव्या तर्जनीकडे, आणि वस्तू फेकणं, जे अधूनमधूनच लागतं, ते उजवीकडे. गाडी मीच वळवतो, मीच पडतो. अँटेना माझ्या वतीनं गाडी चालवत होती, आणि तीही मला न विचारता. इथं तसं काही नाही.

त्या वेळचा मी ऐकून घेतो आणि म्हणतो, बरं, मग वेग आपोआप ठेवायची सोय का चालू आहे?

चालू आहे, खरं आहे. ए बटण सतत दाबून धरायचं नसलं की उजवा अंगठा मोकळा राहतो आणि जॉयकॉन सांभाळतो, करंगळी दुखत नाही. पण अंगठा तर धडधाकट आहे, मग ही मदत कशाला, असं तो विचारतो, आणि यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. कधी बंद करतो, करंगळी ओरडली की परत चालू करतो. चालू असताना जिंकलो की आनंद होतो आणि थोडं खटकतंही.

पडद्याचं विचारलं होतंत. जुना ६.२ इंची आणि ७२० पिक्सेलचा होता, हा ७.९ इंची आणि १०८० पिक्सेलचा. मला हा मोठा पडदा फार उपयोगी पडतो, कारण मी टेबलापासून लांब बसतो आणि तिथूनही नकाशावरची अक्षरं वाचता येतात. १२० हर्ट्‌झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १२० चित्रांपर्यंत, जातो असं सांगतात ते खरं आहे, पण खेळानं साथ दिली तर. काळा रंग खरा काळा दाखवणारा ओलेड नाही, साधा एलसीडी आहे, त्यामुळे रात्रीचं दृश्य काळं न दिसता राखाडी दिसतं, आणि वेगात वळलं की कडा पुसट होतात. उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवणाऱ्या एचडीआरचं नाव आहे, पण उजेड तेवढा पडत नाही. लातूरच्या उन्हाळ्याचीही मला काळजी आहे, कारण कंपनी ५ ते ३५ अंशांत वापरा म्हणते आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो.

आणि एक, पडद्यावरची फिल्म काढू नका. गंजगोलाईजवळ मोबाइलच्या दुकानात काच बसवायला गेलो तर पोरानं कडेला नख घातलंच होतं. मी हात धरला. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून ती कंपनीनंच चिकटवलेली असते, नवी काच तिच्यावरून लावायची. त्यानं ती व्यवस्थित लावली, पुसली, माझ्या हातात दिली आणि हाताकडे बघून विचारलं, "काका, हे खेळायलाव कसं?" झेपतं का असं न विचारता, कसं असं विचारलं. मी तिथंच दुकानाच्या काउंटरवर स्टँड उघडून त्याला सगळं दाखवलं. गिऱ्हाईक थांबलं होतं, तरी त्यानं बघितलं.

महालक्ष्म्यांना आतेभाऊ लेकीला घेऊन लातूरला यायचाय. मारिओ कार्ट वर्ल्डमध्ये चोवीस गाड्या एकदम पळतात, तिला ते बघायचंय. मी त्याला फोनवर सांगितलंय की माझा जॉयकॉन माझ्याजवळच राहील, कुणी हातात घ्यायचा नाही. तो "बरं" म्हणाला आणि मग जरा थांबून, "हाताला झेपायलंय ना?" मी म्हटलं, ये आणि बघ.