आमची वाटचाल : विकणाऱ्यांच्या गर्दीत गिऱ्हाईक शोधताना

आम्ही गॅस्केट बनवतो, म्हणजे सांध्यातून गळती होऊ नये म्हणून मध्ये बसवायचं पॅकिंग. पाइपलाइनच्या दोन फ्लॅन्जमध्ये (पाइपांच्या टोकांना जोडणीसाठी असलेल्या चपट्या कडांमध्ये), पंपाच्या केसिंगला, रिअॅक्टरच्या झाकणाखाली बसतं ते. किंमत फारशी नसते, पण गळलं की अख्खी लाइन थांबते. सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही मोजक्या पंपवाल्यांचं जॉबवर्क करत होतो : शीट त्यांची, ड्रॉइंग त्यांचं, डाय (कापायचा साचा) आणि मेहनत आमची. त्यातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने तो माल स्वतःच कापायला घेतला. प्रेस रिकामा राहू लागला आणि निर्यातीचा विषय पहिल्यांदा गंभीरपणे निघाला.

निर्यात करायची तर प्रदर्शनाला जा, असं जो तो सांगायचा. आमच्या धंद्यातलं मोठं प्रदर्शन म्हणजे फ्रँकफुर्टचं आखेमा. रासायनिक आणि औषधी उद्योगाला लागणारी यंत्रं, पंप, व्हॉल्व्ह तिथे साधारण तीन वर्षांतून एकदा मांडतात. सुरुवात १९२०ची, तीही हॅनोव्हरला. २०२१चं प्रदर्शन कोविडमुळे लांबत लांबत ऑगस्ट २०२२मध्ये भरलं, तेव्हा आम्ही गेलो. स्टॉल घेतला नव्हता, तेवढी ऐपतच नव्हती. बॅगेत सॅम्पलचा डबा, खिशात कार्डं.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली, जी निर्यातीच्या कुठल्याही मार्गदर्शन वर्गात आम्हाला कुणी सांगितली नव्हती. प्रदर्शनातल्या स्टॉलवर उभी असलेली माणसं विकायला आलेली असतात. पंप कंपनीच्या भव्य स्टॉलवर तिचा सेल्सवाला भेटतो. गॅस्केट विकत घेणारा परचेसवाला तिकडे कारखान्यात बसलेला असतो. सेल्सवाला आपलं कार्ड हसून घेतो, खोक्यात टाकतो. त्याने एवढा खर्च करून जागा घेतली ती गिऱ्हाइकासाठी, आणि आपण त्याचा वेळ आपला माल दाखवण्यात घालवतो. त्याचं चुकत नाही. स्टॉलमागून स्टॉल सॅम्पलचा डबा उघडत फिरणारे छोटे पुरवठादार तिथे ढिगाने दिसतात आणि संध्याकाळी त्यांचे चेहरे सारखेच असतात.

खरेदी करणारी माणसं मग असतात कुठे? ती आपल्यासारखीच व्हिजिटरचा बिल्ला लावून हिंडत असतात. आखेमात प्रदर्शनाबरोबर व्याख्यानांची परिषदही चालते. गळती आणि सीलिंगवरच्या सत्रात आम्ही मागच्या रांगेत बसलो, तर आजूबाजूला प्लान्टच्या मेंटेनन्सची माणसं, सल्लागार इंजिनिअर आणि सुटे भाग विकणारे डिस्ट्रिब्युटर. वक्त्यापेक्षा शेजारी जास्त उपयोगी. व्याख्यान संपल्यावर बोलायला विषय आयता असतो : तुमच्याकडे कुठलं मटेरियल चालतं, पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) का ग्रॅफाइट, बोल्ट किती वेळाने पुन्हा आवळावे लागतात. त्या गप्पांत आम्ही कार्ड शेवटी द्यायचो, तेही समोरच्याने मागितलं तरच.

आमची पहिली ऑर्डर मात्र याहून आडवळणाने आली. गॅस्केट बनवणाऱ्याच एका बऱ्याच मोठ्या फर्मच्या स्टॉलवर आम्ही थांबलो, सरळ सांगून की आम्ही तुमच्याच धंद्यातले, छोटे आहोत, मशीन बघायला आलोय. स्टॉलवरचे गृहस्थ मोकळे होते. बोलता बोलता कळलं की जुन्या यंत्रांचे, वेड्यावाकड्या मापाचे, पाच-दहा नगांचे तुकडे कापणं त्यांना परवडत नाही. अशा एन्क्वायरी ते परत पाठवतात. आमचा तर जन्मच पाच-दहा नगांत गेलेला. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या एका डिस्ट्रिब्युटरचं नाव दिलं. प्रतिस्पर्धी म्हणून ज्याला टाळलं असतं, त्यानेच दार उघडून दिलं.

हा नुसता योग नव्हता, असं मला वाटतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३मध्ये हेच नोकरीच्या बाबतीत मांडलं होतं : जवळच्यांपेक्षा ओझरत्या ओळखी जास्त कामी येतात. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याने सांगितलं तो माणूस त्या काळात तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, क्वचित भेटणारे २७.८ टक्के निघाले. पाहणी लहान होती, पण कारण पटण्याजोगं आहे : जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. परक्या शहरात तर सगळ्याच ओळखी ओझरत्या.

तो डिस्ट्रिब्युटर प्रदर्शनात नव्हताच. त्याचं गोदाम शहराच्या पश्चिमेला हेख्स्ट भागात होतं. १८६३मध्ये तिथे रंगांचा कारखाना निघाला, आज त्याच आवारात अनेक रासायनिक कंपन्यांचा इंडस्ट्रीपार्क आहे. प्रदर्शन असतं आठवडाभर, पण या उद्योगाला लागणारा माल वर्षभर अशा आजूबाजूच्या गोदामांतून जातो. तेव्हापासून आम्ही परतीचं तिकीट प्रदर्शन संपल्यानंतर काही दिवसांनी ठेवतो. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मीटिंगा चालतात, नोकरी करता येत नाही. त्या मोकळ्या दिवसांतल्या गाठीभेटी हॉलमधल्या सगळ्या कार्डांना भारी पडतात.

त्या गोदामात भावाचा विषय शेवटी निघाला. पहिला प्रश्न होता, मटेरियल सर्टिफिकेट ३.१ देता का? म्हणजे ईएन १०२०४ या मानकाप्रमाणे, ज्या लॉटचा माल त्याचेच टेस्ट रिझल्ट, आणि सही उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या तपासणी अधिकाऱ्याची. आमच्याकडे क्वालिटीचं काम एक मॅडम बघतात. प्रॉडक्शनवाल्यांशी त्यांचं रोज वाजतं, तेव्हा स्वतंत्रतेची चिंता नव्हती. सर्टिफिकेटचे नमुने त्यांनी त्याच रात्री मेल केले.

मेलवरून आठवलं. जमलेली कार्डं एका यादीत टाकून सगळ्यांना कॅटलॉग पाठवायचा मोह होतो. जर्मनीत संमतीशिवाय जाहिरातीचा मेल पाठवणं कायद्यात बसत नाही, आणि मे २०१८पासून युरोपभर लागू झालेला जीडीपीआर, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या वापराचा कायदा, आहेच. आम्ही कार्डाच्या मागे लगेच लिहून ठेवतो : कुठे भेटला, काय अडचण सांगितली, त्याला काय पाठवायचं कबूल केलं. मग त्याला तेवढंच पाठवायचं. उत्तर येतं.

आज आमचा बराच माल त्या डिस्ट्रिब्युटरमार्फत आणि त्याने पुढे जोडून दिलेल्यांमार्फत जातो. ती मोठी फर्म अजून अडचणीची मापं आमच्याकडे वळवते. पुढचं आखेमा २०२७मध्ये आहे. माझ्या भागीदाराचं म्हणणं, आता तरी लहानसा स्टॉल घेऊ. मला ते पटलेलं नाही. स्टॉल घेतला की आपण खांबाला बांधल्यासारखे एका जागी. तूर्त एवढंच ठरलंय की या खेपेला क्वालिटीच्या मॅडम बरोबर येणार, आणि व्याख्यानांची यादी त्या निवडणार.