तुम्ही विचारलंत म्हणून : लॅप स्टील शिकायला पुस्तक कुठलं घ्यावं?

मांडीवर आडवी ठेवून, तारांवर स्टीलचा बार फिरवत वाजवायची गिटार म्हणजे लॅप स्टील. जुनी माणसं तिला हवाईयन गिटार म्हणतात. फोंड्याच्या आसपास कुठे भजनाला, कुठे बारशाला मी ती घेऊन बसलो, की सामान आवरेपर्यंत कोणीतरी येऊन विचारतंच : "शिकायचीय हो, पुस्तक कुठलं घेऊ?" विचारणाऱ्यांत पेटी वाजवणारे असतात, लहानपणी चर्चमध्ये नोटेशन वाचायला शिकलेले असतात, आणि निवृत्त झाल्यावर हौस उफाळून आलेलेही असतात.

मी आधी उलट विचारतो : वाजवायचंय काय? कारण या वाद्याचं ठरलेलं असं एकच ट्यूनिंग, म्हणजे तारा कुठल्या सुरांना लावायच्या ते, नाही, आणि प्रत्येक पुस्तक कुठल्या ना कुठल्या ट्यूनिंगला बांधलेलं असतं. पुस्तकातल्या टॅबमध्ये, म्हणजे आकड्यांच्या लिपीत, कुठली तार, कितवा पडदा एवढंच लिहिलेलं असतं. तुमच्या तारा वेगळ्या लावलेल्या असतील तर त्या आकड्यांतून भलतंच काहीतरी वाजेल. म्हणून मुखपृष्ठावर ट्यूनिंगचं नाव नसेल, तर आतलं पहिलं पान उघडून आधी ते शोधा.

नवशिक्यांसाठी बाजारात दिसतात ती मुख्यतः तीन ट्यूनिंगं : ओपन डी, सी सिक्स्थ आणि डोब्रोवाल्यांचं (डोब्रो म्हणजे पोटात धातूची तबकडी बसवलेली गिटार) जी. इंग्रजी अक्षरांना बिचकू नका. जाड तारेपासून बारीक तारेकडे ओपन डी म्हणजे सा प सा ग प सा. जी म्हणजे सा ग प सा ग प. सी सिक्स्थ म्हणजे सा ग प ध सा ग. म्हणजे रिषभ सोडला तर अख्खा भूप राग मोकळ्या तारांवरच. हवाईयन आणि जुन्या अमेरिकन स्विंगचं बहुतेक साहित्य याच सी सिक्स्थमध्ये आहे, त्यामुळे त्या गाण्यांचं वेड असेल तर सरळ तेच घ्या.

पण अभंग, नाट्यपदं, जुनी सिनेमाची गाणी वाजवायची असतील तर मी ओपन डी सुचवतो. ते सुचवण्यामागे व्यवहारही आहे. घरातल्या साध्या गिटारच्या नटावर, म्हणजे खुंट्यांजवळ तारा जिथे टेकतात तिथे, उंच पट्टी बसवून तारा वर उचलल्या की काम भागतं, आणि ओपन डीसाठी तारा एक तर तशाच राहतात किंवा सैल कराव्या लागतात. जीसाठी सगळ्यांत जाड तार दीड स्वर वर चढवावी लागते. सी सिक्स्थला तर तारांचा संचच वेगळा लागतो, साध्या संचातल्या जाड तारा तिथवर जाण्याआधी तुटतील.

ओपन डीत बारीक तारेवर मोकळा सा, पेटीवरच्या पांढरी दोनचा. मग दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, सातव्यावर प, नवव्यावर ध आणि बाराव्यावर तार सा. झाला भूप. ज्याला सरगम येते त्याने निम्मं पुस्तक इथेच वाचलं. आपल्या गाण्यांचे टॅब तुम्हाला फारसे मिळणार नाहीत, ते स्वतःच वहीत उतरवायचे.

व्हिडिओ? जरूर बघा, पण कॅमेरा कुठे ठेवलाय ते आधी बघा. बार पडद्याच्या बरोब्बर डोक्यावर हवा. साध्या गिटारसारखा पडद्याच्या मागे दाबला तर सूर उतरलेला येतो. समोरून किंवा तिरकं चित्रण असेल तर बार नेमका कुठे आहे ते कळतच नाही. वरून घेतलेलं चित्रण हवं, त्यात उजवा हातही दिसायला हवा. कारण नको त्या तारा तळहाताने गप्प कशा करायच्या, हे नवशिक्याला पुस्तकातून सहसा उमगत नाही. डाव्या हाताची बारमागची बोटं तारांवर हलकी टेकलेली असतात, तीही बघा. ते न शिकवता पहिल्याच धड्यात गाणं वाजवायला लावणारा शिक्षक मला पटत नाही, कितीही गोड वाजवो. आणि हो, यूट्यूबवर वेग अर्धा केला तरी सूर खाली उतरत नाही, ती सोय वापरा.

टॅबमध्ये लय नीट कळत नाही, मींडेचा लगाव तर नाहीच. म्हणून ज्या पुस्तकाबरोबर ऑडिओ नाही ते मी घेऊ देत नाही. त्याच्या जोडीला ऐकणं. सिनेमाच्या गाण्यांसाठी कलकत्त्याचे सुनील गांगुली, रागासाठी ब्रिजभूषण काबरा. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची काबरांची १९६७ सालची रेकॉर्ड तर घरोघरी वाजलेली आहे. ही गिटार गाते म्हणजे काय करते, ते तिथे ऐका.

तरी एकच वस्तू सांगा म्हणाल, तर तानपुऱ्याचं ॲप. पांढरी दोनवर लावून रोज बाराव्या पडद्यावरचा सा त्यात मिसळेपर्यंत घासायचा. पुस्तक पुढच्या महिन्यात घेतलंत तरी चालेल. मात्र घ्याल ते एकच घ्या, आणि ते संपेपर्यंत ट्यूनिंग बदलू नका.