खुब्याचं दुखणं कमरेवर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव लोखंडी भाग (कास्टिंग) घासून साफ करायच्या कामाला असलेला पस्तिशीचा कामगार एमआरआयची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. कमरेला पट्टा आवळलेला. "मॅडम, मणक्यात गॅप हाय म्हणत्यात. नुसतं वाकलं तर एवढं न्हाई, पण उजवीकडं वळलं की कळ मारतीया."

रिपोर्टमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली होती. पायात मुंग्या नाहीत, ताकद शाबूत, लघवीची तक्रार नाही. एवढी फुगलेली गादी तर काहीच न दुखणाऱ्या कितीतरी माणसांतही सापडते. फिल्म बाजूला ठेवली आणि त्याला स्टुलावर बसवलं.

हाताची घडी छातीवर घालून वळायला लावलं. डावीकडे वळला, उजवीकडेही तितकाच वळला, कळ नाही! उभा राहून तेच करताना मात्र उजवीकडे अर्ध्यातच अडला आणि टेबल धरलं.

इथेच माझा संशय कमरेवरून हटला. कमरेत वळतो असं आपण म्हणतो खरं, पण कमरेचे पाच मणके वळायला फारसे बनलेलेच नाहीत. दोन मणक्यांमध्ये एका बाजूला जेमतेम १ ते २ अंश, सगळे मिळून १० अंशांच्या आसपास. नमस्काराला जुळवलेले तळवे एकमेकांवर वर-खाली सहज सरकतात, पण एक दुसऱ्यावर दाबला की अडतो. मणक्यांच्या मागचे फॅसेट सांधे कमरेत साधारण असेच उभे असतात. म्हणून वाकणं सोपं, वळणं अवघड. खरं वळण येतं छातीच्या मणक्यांतून आणि खुब्यांतून. बसल्यावर पेल्विस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, स्टुलावर टेकलेला असतो, खुब्यांचं काम जवळजवळ थांबतं. उभ्याने उजवीकडे वळताना पेल्विसला उजव्या मांडीवर फिरावं लागतं.

त्याला पालथं झोपवून गुडघे वाकवले आणि पावलं बाहेरच्या बाजूला सोडली. डावं पाऊल छान लांब गेलं. उजवं थोडं सरकून थांबलं. पाऊल असं बाहेर जातं तेव्हा खुबा आत वळतो, आणि उभ्याने उजवीकडे वळतानाही उजव्या खुब्याला तेच करावं लागतं. त्याचा उजवा खुबा पुरेसा आत वळतच नव्हता, आणि ती कसर कंबर भरून काढत होती.

पण रोज एवढं वळायची वेळ येतेच का? ते बघायला मी त्याच्या मालकांना विचारून शॉपमध्ये गेले. कास्टिंगचा क्रेट डावीकडे जमिनीवर, ग्राइंडिंगचं टेबल उजवीकडे. तो वाकायचा, कास्टिंग उचलायचा आणि पुरता सरळ व्हायच्या आतच वळायचा. वाकलेल्या कमरेत फॅसेट एकमेकांपासून सुटतात, त्यांचा अडसर ढिला पडतो आणि पिळाचा ताण गादीवर जातो. गादीच्या कडेचे तंतू थराथरांत उलटसुलट तिरके असतात. वळताना एका तिरक्या दिशेचे ताणतात, दुसरे सैल पडतात. म्हणजे अर्ध्याच तंतूंनी सगळं पेलायचं, तेही हातात लोखंड असताना.

मी त्याच्या बुटांकडे बघत राहिले. उजवा बूट हलतच नव्हता, चवडा सतत क्रेटकडे. त्याच्या शेजारून ग्राइंडरचा हवेचा पाइप जमिनीवर पसरला होता. "पाय का उचलत नाही?" विचारलं, तर म्हणाला, "पाइपावर पाय पडला की सरकतोय न्हवं, पडीन की."

हे एमआरआयमध्ये कुठून दिसणार? पट्टा आवळून हे सुटणारं नव्हतं. सुपरवायझर समजूतदार निघाले. पाइप वरून लोंबता सोडला, क्रेट लोखंडी घोडीवर मांडीच्या उंचीला आणला. त्याला शिकवलं ते एवढंच: कास्टिंग पोटाशी धर, सरळ हो, मग पाय टेबलाकडे टाक. खुब्याचे व्यायाम सोबत होतेच.

काही आठवड्यांनी पट्टा न लावता आला आणि उभ्याने उजवीकडे वळून दाखवलं. कळ गेली होती. उजवा खुबा अजून डाव्याइतका फिरत नाही, त्यामुळे व्यायाम मी बंद करू दिलेले नाहीत. त्याच्या बाजूच्या टेबलावरचा पाइप अजून जमिनीवरच आहे. तो उचलायला मी सुपरवायझरांच्या मागे लागले आहे.