सुटलं! १.ई४ आणि पाचव्या चालीला घोडा हत्ती मारून मात

मागच्या अपडेटमधलं बुद्धिबळाचं कोडं अखेर क्लबमध्ये सुटलं. डाव १.ई४ ने सुरू होतो आणि पाचव्या चालीला घोडा हत्ती मारून मात करतो, पूर्ण डाव लिहा, बस एवढंच. शेवटची पोझिशन दिलेली नाही त्यामुळे याला नेहमीचा प्रूफ गेम (दिलेल्या पोझिशनपर्यंत पोचणारा डाव शोधायचं कोडं) पण म्हणता येत नाही. ज्यांना अजून स्वतः सोडवायचंय त्यांनी इथेच थांबा, खाली सगळं उत्तर आहे.

सुरुवातीला सगळेच पांढऱ्याच्या घोड्यामागे लागलेले, कारण ई४ पांढऱ्याची चाल म्हणजे मात पण तोच देणार असं आपोआप डोक्यात बसतं. पण हत्ती आपल्या कोपऱ्यातच असेल तर पांढऱ्याच्या घोड्याला तिथवर पोचायला चार चाली लागतात, ई४ धरून पाच संपल्या, मदतीला दुसरं कुठलंच मोहरं येऊ शकत नाही. मग काळ्याने चार चालींत स्वतःचाच राजा कोंडून घ्यायचा, आणि कसंही केलं तरी राजाला एखादं घर मोकळं राहायचंच.

आता काळ्याचा हिशोब बघा. जी८ चा घोडा एच१ ला जायला चारच चाली, म्हणजे काळ्याकडे बरोबर एक चाल शिल्लक! अख्खं कोडं त्या एका चालीत आहे. एच१ वरचा घोडा फक्त एफ२ आणि जी३ वर मारा करतो, म्हणजे राजा एफ२ ला आणायचा, त्यासाठी एफ३ खेळायचं म्हणजे एफ३ हे घर पण आपल्याच प्याद्याने बंद. एफ१ चा उंट, जी१ चा घोडा, जी२ चं प्यादं हे जागचे हललेलेच नाहीत त्यामुळे तीन घरं तिथेच बंद, जी३ वर मात देणाऱ्या घोड्याचाच पहारा. उरली ई१, ई२, ई३. तिन्ही घरं एका ई-फाइलवर (उभ्या रांगेत), म्हणजे काळ्याचा वजीर ई७ ला हवा आणि फाइल पूर्ण उघडी हवी, दोन्ही एकाच चालीत. पण ई७ ला काळ्याचंच प्यादं बसलंय, ते हलवलं तर शिल्लक चाल संपली, वजीर डी८ लाच आणि फाइल तरीही बंद.

इथेच सगळे अडकून पडलेले. मग एरवी गप्प बसून बघणारे एक काका म्हणाले, "ते प्यादं आपण कशाला हलवायचं, पांढऱ्यालाच मारू दे की." दोन सेकंद शांतता आणि मग सगळ्यांचे हात एकदम पटावर!

(घो म्हणजे घोडा, व वजीर, रा राजा, × म्हणजे मारणं, + म्हणजे शह; नुसतं घर लिहिलं तर प्याद्याची चाल.) १.ई४ घो एफ६ २.एफ३ घो×ई४ ३.व ई२ घो जी३ ४.व×ई७+ व×ई७+ ५.रा एफ२ घो×एच१ मात.

पांढरा वजीर शह देऊन स्वतःला देऊन टाकतो, काळा वजीर परत मारतो तो पण शह देतच, राजा एफ२ ला जातो (डी१ पण होतं, किंवा ई२ वर उंट-घोडा आडवा घालणं, पण आपल्याला मात हवीय) आणि घोडा काम संपवतो. मला सगळ्यात जास्त आवडलं ते ई४ चं प्यादं, अट म्हणून दिलेली पहिली चाल ही मारलं जाण्यासाठीच खेळलेली असते, ते वाटेतून गेलं नाही तर फाइल उघडतच नाही. घोडा एच५ वरून जी३ ला गेला तर चाली तेवढ्याच लागतात पण मात होत नाही, काय सुंदर बांधणी आहे!

फक्त एक खोट आहे. २.व ई२ घो×ई४ ३.एफ३ असं उलट खेळलं तरी चालतं, म्हणजे चालींच्या क्रमाचा ड्युअल (एकाहून जास्त उत्तरं). यावरून जोरदार वाद झाला, काहींच्या मते एवढ्याने कोडं बाद. मला नाही पटत. कल्पना एकच राहते आणि ती सापडताना जो आनंद होतो त्याला क्रमाने काही फरक पडत नाही.

टूल्सबद्दल, नवीन मंडळींसाठी परत सांगतो, असल्या कोड्याला स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनचा उपयोग नाही, ते प्रत्येक बाजूची सर्वोत्तम चाल शोधतं आणि इथे दोघं मिळून एकमेकांना मदत करतायत. हेल्पमेट (दोघांनी मिळून मात घडवायची कोडी) आणि फेअरी (वेगळे मोहरे किंवा नियम असलेले) प्रकारांना पॉपआय हा प्रोग्रॅम घ्या, दिसायला रुक्ष आहे पण काम चोख.

डावांच्या ॲनालिसिसमध्ये एकच सांगण्यासारखं. एका ज्युनियरचा राजा-प्याद्यांचा एंडगेम होता, राजा सरळ प्याद्यामागे धावला आणि एका टेम्पोने (म्हणजे एका चालीने) उशीर झाला. लगेच रिचर्ड रेटी या बुद्धिबळपटूची १९२१ ची पोझिशन लावली, पांढरा राजा एच८ प्यादं सी६, काळा राजा ए६ प्यादं एच५, पांढऱ्याने बरोबरी करायची. रा जी७, मग रा एफ६, तिरकं चालत दोन्ही प्याद्यांकडे एकदमच जायचं. पोराने स्वतःच्या डावात तशीच तिरकी वाट शोधून दाखवली, टाळ्या पडल्या.

पुढच्या वेळी ग्रासहॉपरचे (एका फेअरी मोहऱ्याचे) हेल्पमेट घ्यायचं ठरलं होतं, पण हे टाइप करता करताच दुसरं सुचलं, हेच वजिराच्या बाजूला का नाही? पट काढून लावून बघितलं: १.डी४ घो सी६ २.सी३ घो×डी४ ३.व डी३ घो बी३ ४.रा डी१ (काळ्याची कुठलीही चाल, उदाहरणार्थ एच५) ५.व×डी७+ व×डी७+ ६.रा सी२ घो×ए१ मात. होतंय! राजाला एक चाल जास्त लागते म्हणून सहा, पण त्यामुळे काळ्याला एक रिकामी चाल मिळते आणि तिथे ड्युअलच ड्युअल. "१.डी४ एच५ ने सुरुवात" अशी अट घातली तर ती रिकामी चाल संपते, पण पांढऱ्याच्या मधल्या तीन चालींचा क्रम फिरतोच आणि वजीर डी३ ऐवजी डी२ ला थांबला तरी चालतंय. तेव्हा ग्रासहॉपर पुढे ढकलतोय, आधी हे घट्ट करायचं. कुणाला एखादी अशी अट सुचतेय का की क्रम एकच राहील?