हिरोजीची पायरी

आज रायगडावर जगदीश्वराच्या पायरीपाशी बराच वेळ रेंगाळलो. ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’. गड बांधणाऱ्याने नाव कोरलं तेही पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागतील असं. नम्रतेचा धडा म्हणून शाळेपासून हेच ऐकत आलोय. पण तिथेच भिंतीत शके १५९६ चा संस्कृत शिलालेख आहे. त्यात विहिरी, तलाव, हत्तीशाळा, उंच राजवाडे अशी ऐटीत यादी, बांधणारा हिरोजी, आणि हे सगळं चंद्रसूर्य असेतो नांदो! हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

मला दोन्ही लेख खरे वाटतात. एवढं उभं करणाऱ्याला गर्व वाटला तर पाप कसलं? आमच्या गल्लीत गटाराच्या झाकणालाही सौजन्याचा फलक लागतो, त्याचं काय ते बोला.