साहेबांच्या शेजारची खुर्ची

तलावपाळीवर सकाळची फेरी मारून बाकावर टेकलो की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही मंत्रालयात स्वीय सहायक होतात ना? मग सांगा, परदेशी हेर पुढाऱ्यांना खरंच खिशात घालतात का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुढाऱ्यापर्यंत पोचायची बऱ्याचदा गरजच पडत नाही. त्याच्या फायली सांभाळणारा माणूस फुटला तरी काम होतं.

पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांचंच घ्या. शांततेचं नोबेल मिळालेला माणूस, पूर्वेकडच्या देशांशी समेट करू पाहणारा. त्यांचा सहायक ग्युंटर गियोम हा खरं तर पूर्व जर्मनीचा हेर. 1956 साली तो निर्वासित म्हणून तिथून आला, पक्षात राबला आणि एकेक पायरी चढत थेट ब्रांट यांच्याजवळ पोचला. 1973 मध्ये ब्रांट सुट्टीसाठी नॉर्वेला गेले, तेव्हा गोपनीय संदेश त्याच्याच हातून जात होते. त्याच्यावर संशय आलेला होता, ब्रांटना तसं सांगितलंही होतं. पण पुरावा मिळेपर्यंत त्याला जागेवरच ठेवा, असा सल्ला त्यांना मिळाला. 1974 च्या एप्रिलमध्ये त्याला अटक झाली आणि मे महिन्यात ब्रांट यांनी राजीनामा दिला.

मला यातली पुढची गोष्ट जास्त छळते. ब्रांट सत्तेवर राहणं पूर्व जर्मनीला हवंच होतं. 1972 साली त्यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव दोन मतांनी पडला. त्यातलं एक मत आपल्या खात्याने पैसे देऊन फिरवलं होतं, असं तिथल्या हेरखात्याचे प्रमुख मार्कुस वोल्फ यांनी पुढे सांगितलं. म्हणजे एका हाताने ज्याला तारलं, त्यालाच दुसऱ्या हाताने बुडवलं. आणि त्या देशाच्या मतदारांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नेता परक्यांच्या पैशाने टिकला काय किंवा पडला काय, दोन्हीकडून मतदारच फसतो.

आपल्याकडे 1985 च्या जानेवारीत पंतप्रधान कार्यालयातले कागद बाहेर जात असल्याचं उघड झालं. फाईल बाहेर न्यायची, झेरॉक्स काढायची, परत जागेवर ठेवायची. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी राजीनामा दिला. होय, पुढे आपले राज्यपाल झाले तेच. स्वतः काही केलेलं नसताना हाताखालच्या माणसांची जबाबदारी त्यांनी घेतली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

माझ्याकडे कुणी हेर आला नाही. पण एका दिवाळीत ओळखीचा ठेकेदार केबिनबाहेर माझ्या टेबलाशी आला. साहेब बैठकीत होते. "मसुद्याचं शेवटचं पान फक्त बघू द्या, भाऊ. नेत नाही कुठे." आवाज इतका मऊ होता, की त्यात काही वावगं आहे असं वाटूच नये. फाईल समोर उघडीच होती. आधी ती मिटून खणात ठेवली, किल्ली खिशात टाकली आणि मग त्याचा मिठाईचा डबा त्याच्या हातात परत दिला.